‘कॅटेगरी’ : एका शब्दाची कुळकथा

मंडळी, अर्जातला ‘कॅटेगरी’चा रकाना तुम्ही पाहिला असेलच. हा शब्द मूळचा ग्रीक. ‘काता’ म्हणजे विरुद्ध आणि ‘आगोरा’ म्हणजे सभेचा चौक. चारचौघांत एखाद्यावर आरोप ठेवणे, ती ‘कातेगोरिया’! इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने अर्थ पालटला : वस्तूविषयी जे सांगता येते, ते. द्रव्य, परिमाण, गुण, संबंध असे त्याने दहा प्रकार मोजले. पुढे लॅटिन-फ्रेंचच्या वाटेने सोळाव्या शतकाच्या अखेरीस शब्द इंग्रजीत आला, आणि आता त्याचा अर्थ झालाय नुसता ‘वर्ग’.

पण गुरुजी, एखाद्या पोराला ‘ढ’ म्हणताना जुना अर्थ आठवा. आरोपाला पुरावा लागतो, आरोपीला उत्तर देता येते. त्या पोराला कोण विचारतो?