कोटाच्या आत ओझे कोणी वाहिले?

मुंबईत फोर्टला रोज लाखो माणसे उतरतात. फोर्ट म्हणजे किल्ला. मग तो किल्ला गेला कुठे, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. जुने मुंबईकर या भागाला 'कोट' म्हणत, कारण त्याला खरोखरच तट होता, खंदक होता आणि तीन दरवाजे होते. उत्तरेला बाजारगेट, पश्चिमेला चर्चगेट, दक्षिणेला अपोलो गेट. पूर्वेला बंदर.

मागच्या रविवारी आम्ही पाच-सहा कार्यकर्ते हा नसलेला तट पायी फिरून आलो. त्याआधी आमच्यातला एक जण पैसे भरून एका 'हेरिटेज वॉक'ला जाऊन आला होता. अडीच तासांत त्याला गव्हर्नर कळले, शेठ कळले, खांब ग्रीक आहेत की गॉथिक हेही कळले. दगड कोणी वाहिले, हे विचारल्यावर मार्गदर्शक हसला आणि पुढे चालू लागला. म्हणून आम्ही आमचा रस्ता आमचा आम्ही ठरवला.

सुरुवात सीएसएमटी स्टेशनासमोरून, बाजारगेटपासून केली. दरवाजा आता नाही, रस्त्याच्या नावात तेवढा उरला आहे. कोटाच्या काळात शहराचे दोन भाग होते. चर्चगेटपासून पूर्वेला जाणाऱ्या रस्त्याच्या दक्षिणेला गोरे राहत आणि उत्तरेला श्रीमंत पारशी, बनिया वगैरे व्यापारी. तटाच्या बाहेर मोकळे मैदान ठेवलेले होते, शत्रू आला तर तोफा डागता याव्यात म्हणून. त्या मैदानापलीकडे काळ्यांची वस्ती. १८०३ साली कोटात मोठी आग लागली आणि त्यानंतर ती बाहेरची वस्ती झपाट्याने वाढली.

म्हणजे तट इंग्रजांनी बांधला, गोरा-काळा भेद इंग्रजांनी केला, एवढे पाठ्यपुस्तकातही सापडेल. आपला मुद्दा वेगळा आहे. या कोटाच्या आत आणखी एक तट होता. तो दगडाचा नव्हता आणि इंग्रजांचाही नव्हता.

१६७७ सालची गोष्ट. मुंबई बेट कंपनीच्या ताब्यात येऊन नऊ वर्षे झाली होती आणि कंपनीला इथे व्यापारी हवे होते. दीवचा एक मोठा बनिया व्यापारी, नीमा पारख, यायला तयार झाला, पण त्याने अटी घातल्या. घर आणि वखारीसाठी बिनभाड्याची जागा द्यावी. आमच्या आवारात इंग्रज, पोर्तुगीज किंवा अन्य ख्रिश्चन राहू नये, मुसलमान राहू नये, तिथे कोणी जीवहत्या करू नये. आमचे धर्माचार, लग्नविधी, प्रेतदहन यांत कोणी ढवळाढवळ करू नये. आमच्या माणसांना मनाविरुद्ध ओझी वाहायला लावू नयेत. मला आणि माझ्या कुटुंबाला पहाऱ्याच्या कामातून सूट असावी. या अटींवर कंपनीच्या सुरत आणि मुंबईच्या अधिकाऱ्यांत रीतसर पत्रव्यवहार झाला. मुंबई गॅझेटियरमध्ये तो छापलेला आहे.

हा कागद आपल्यापर्यंत कोणी आणला? बाबासाहेबांनी. १९४८ साली भाषिक प्रांत आयोगापुढे महाराष्ट्राची बाजू मांडताना त्यांनी हा करार उद्धृत केला. मुंबई आम्ही उभारली, असे तेव्हा भांडवलदार छातीठोकपणे सांगत होते. हे लोक आपणहून आले नाहीत, कंपनीने सवलती देऊन त्यांना आणले, हे बाबासाहेबांनी कंपनीच्याच कागदावरून दाखवले.

आपण त्यातली ओझ्याची आणि पहाऱ्याची अट पुन्हा एकदा वाचू या. धर्म पाळू द्या, ही मागणी चूक नव्हती. सक्तीने ओझी वाहायला लावू नका, ही तर अगदी न्याय्य मागणी. पण ती 'कोणालाच लावू नका' अशी नव्हती, 'आम्हाला लावू नका' अशी होती. आता ओझे तर आहेच, ते जहाजातून उतरायचेच आहे. तटावर पहारा बसायचाच आहे. मग एकाची सूट म्हणजे दुसऱ्याची सक्ती. ज्याच्याकडे अटी घालायला भांडवल नव्हते, त्याच्या डोक्यावर ते ओझे गेले. आणि ओझे, पहारा ही कामे गावगाड्यात कोणाच्या वाट्याला होती, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. वेशीवर राखण करा, सरकारी सामान पुढच्या गावाला पोचवा, बोलावणे आले की रात्री-अपरात्री उठून जा, आणि याला वतन म्हणा!

त्या सक्तीतून महारांना सोडवण्यासाठी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात महार वतनाचे विधेयक आणले ते १९२८ साली. नीमा पारखने एका पत्रात जे मागितले, ते आपल्यासाठी मागायला २५१ वर्षे लागली. ते प्रत्यक्ष मिळाले कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणाऱ्या १९५८ च्या कायद्याने. तोवर बाबासाहेब नव्हते.

बाजारगेटच्या गल्ल्यांतून चालताना इमारतींच्या मधल्या फटींकडे बघा. त्यांना घरगल्ली म्हणतात. माणूस आडवा होऊन जाईल एवढीच जागा. पुढचा दरवाजा शेठचा, मागची फट मैला उचलणाऱ्याची. महापालिकेच्या जुन्या कायद्यात या कामासाठी 'हलालखोर कर' नावाचा करच होता. हेरिटेज वॉक पुढच्या दरवाजाने जाते.

पुढे हॉर्निमन सर्कल. बाग व्हायच्या आधी हे मोकळे मैदान होते आणि इथे कापसाच्या गाठी रचलेल्या असत. अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावर यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या व्यापाऱ्यांवर पैशांचा पाऊस पडला. राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला ते प्रेमचंद रायचंद याच तेजीतले. तिकडे गुलामांच्या मुक्तीचे युद्ध, इकडे शेठजींचा नफा. त्या युद्धातला माणूस ज्याला दिसला, तो पुण्यात होता. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली.

तिथून जवळच रिझर्व्ह बँक. इथे आमच्यातल्या एकाने ते नेहमीचे फॉरवर्ड वाचून दाखवले, की ही बँक बाबासाहेबांनी स्थापन केली. मित्रांनो, असे लिहू नका. जे खरे आहे तेच पुरेसे मोठे आहे. १९२३ साली त्यांचा रुपयावरचा ग्रंथ आला, १९२५ साली त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली आणि त्या आयोगाच्या शिफारशींतून पुढे १९३५ मध्ये बँक उभी राहिली. अतिशयोक्ती केली की विरोधकाला खोडायला सोपे जाते.

दक्षिणेला नौदलाची गोदी लागते, लायन गेट. आत जाता येत नाही. अपोलो गेट याच बाजूला होता. पहाऱ्याचा प्रश्न इथे पुन्हा येतो. कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. इंग्रजांच्या कागदांत त्यांना 'परवारी' म्हटले आहे. जहाजांवर आणि गोदीत काम करणाऱ्या मरीन बटालियनमध्येही ते होते. भीमा कोरेगाव आपल्या सर्वांना पाठ आहे, पण याच फौजेने मुंबईही राखली, हे आपण सांगत नाही. लष्करी शाळांमुळे शिपायांची मुले शिकू लागली, सुभेदार रामजींसारखी माणसे तयार झाली आणि १८९० च्या दशकात भरतीच बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. शेठला पहारा नको होता म्हणून सूट मिळाली, आपल्याला पहारा हवा होता तर दार बंद.

आता पश्चिमेची बाजू. गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात, १८६० च्या दशकात, तट पाडला. आजचा महात्मा गांधी रोड जवळजवळ त्याच रेषेवर आहे. मोकळ्या झालेल्या जागेवर विद्यापीठ, उच्च न्यायालय, एल्फिन्स्टन कॉलेज उभे राहिले. एल्फिन्स्टनच्या दगडी इमारतीसमोर आम्ही बराच वेळ थांबलो. १९१२ साली भीमराव आंबेडकर इथून बी. ए. झाले. तट उभा असता तर ही इमारत इथे नसती. पण तट पडला म्हणून सगळे मिटले, असेही नाही. १९१८ साली तेच भीमराव कोलंबिया आणि लंडनहून शिकून येऊन सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातले पाणी त्यांनी पिण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. दगडी तट पाडायला इंग्रजांना काही वर्षे लागली. माठाभोवतीचा तट पाडायला गव्हर्नर नव्हता.

त्यासाठी महाड करावे लागले. आणि महाडच्या चवदार तळ्याचा दावा कोर्टात शेवटी कुठे निकाली निघाला? याच रेषेवरच्या उच्च न्यायालयात, १७ मार्च १९३७ रोजी, आपल्या बाजूने. सत्याग्रह १९२७ चा, निकाल दहा वर्षांनी.

आज मुंबईत 'फक्त शाकाहारींसाठी' म्हणून घर नाकारले जाते, तेव्हा आपण म्हणतो की हे नवीनच फॅड निघाले. नवीन कुठले? आवारात कोण राहील, ही अट या शहराच्या पायातच आहे. पण तेव्हा ती मागणारा परका होता आणि धास्तावलेला होता. आता ती घालणारा घरमालक आहे. हा फरक लक्षात ठेवून वाद घाला, नाहीतर समोरचा नीमा पारखचीच साक्ष काढेल.

परतताना हुतात्मा चौकातून दादाभाई नौरोजी रोडने सिद्धार्थ कॉलेजच्या आनंद भवनापाशी आलो. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली हे कॉलेज सुरू केले. बाबासाहेबांनी त्याला जागा मिळवून दिली ती कोटाच्या आत, शेठ-साहेबांच्या पेढ्यांच्या मधोमध. इथून बाजारगेट पायी दहा मिनिटांवर आहे. आम्ही पायऱ्यांवर बसून बाटलीतले पाणी प्यायलो आणि स्टेशनकडे निघालो.