रित्या हातांचे सोने

सण दाराशी येऊन ठेपावा, आईवडिलांच्या हाती काही ठेवावे असे मुलाच्या मनात यावे, आणि गाठीला मात्र कवडी नसावी, ही अडचण आजची नव्हे. आपल्या समाजाने तिच्यावर फार पूर्वीच तोड काढून ठेविली आहे. ती म्हणजे दसऱ्याचे सोने. आपट्याचे पान आणावे, वडीलधाऱ्यांच्या हाती द्यावे, पायांवर डोके ठेवावे. भेट पुरी झाली.

या रूढीचे मूळ सांगताना कौत्साची कथा सांगण्यात येते. कालिदासाने ती ‘रघुवंशा’च्या पाचव्या सर्गात वर्णिली आहे. विद्या पुरी झाल्यावर कौत्साने गुरुदक्षिणेचा आग्रह धरला. वरतंतूंनी प्रथम त्याची निष्ठापूर्वक सेवा हीच दक्षिणा मानली होती. शिष्य हट्टच सोडीना, तेव्हा रागावून त्यांनी चौदा विद्यांबद्दल चौदा कोटी सुवर्ण मागितले. रघुराजाने विश्वजित् यज्ञात सर्वस्व दान केलेले. त्याने मातीच्या पात्रातून अर्घ्य देऊन अतिथीचे स्वागत केले. पुढे कुबेराने सुवर्णवृष्टी केली. कौत्साने मोजके चौदा कोटी घेतले, अधिक एकही नाणे घेतले नाही. कालिदासाच्या काव्यात ही वृष्टी राजाच्या कोशागारात होते. लोककथेने मात्र ती आपट्याच्या झाडावर आणली. हा फरक आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. कोशागाराला कुलूप असते. रानातल्या झाडाला नसते.

दुसरा धागा सीमोल्लंघनाचा. पावसाळा सरून नद्या उतरल्या की मराठ्यांच्या फौजा दसऱ्याच्या मुहूर्तावर मुलूखगिरीस निघत. स्वारीत मिळविलेले आधी देवापुढे व मग वडिलांपुढे ठेवावे, हा त्या काळचा कुलाचार. स्वाऱ्या संपल्या, गावाची शीव ओलांडून सोने लुटून आणण्याचा विधी तेवढा उरला. कोल्हापूरच्या दसरा चौकात छत्रपती घराण्याच्या उपस्थितीत शमीपूजन होऊन आजही सोने लुटले जाते. गोमंतकात व दक्षिण कोकणात देवाची तरंगे वाजतगाजत बाहेर पडतात, आणि हेच पान तेथेही सोने होते.

आता आपल्या बोरगावाकडे वळू. निपाणीचा हा टापू विडीच्या तंबाखूचा. तंबाखूची लावण पावसाळ्याच्या उत्तरार्धात होते, तोडणी व वाळवण पौष-माघाच्या सुमारास. पैसा हाती येतो तो त्यानंतर. म्हणजे दसऱ्याच्या वेळी कुणब्याचा पैसा शेतात गुंतलेला असतो. सावकाराकडे जावे तर व्याज चढते. अशा घरातील पोराने आईबापांना काय द्यावे? आपट्याचे साधे पानच एका सायंकाळपुरते सोने होते! त्याच्या जोडीला घटातले धान. परडीत माती पसरावी, मूठभर धान्य पेरावे, रोज पाणी घालावे. नवव्या दिवशी पिवळसर कोंब उभे राहतात. वडिलांच्या टोपीत वा फेट्यात आणि आईच्या केसांत ते खोवायचे. विकत घेतलेले त्यात काहीच नाही; असते ती नऊ दिवसांची निगराणी.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. राज्यांच्या सीमा हलल्या, पण सोने दोन्ही भाषांत चालत राहिले. मराठी घरी ‘सोने घ्या, सोन्यासारखे राहा’ म्हणतात. कानडी शेजारी बन्नीचे, म्हणजे शमीचे, पान देऊन ‘बंगारा’सारखे राहू या म्हणतो. नाणे राजाच्या मुद्रेवर चालते, हे पान केवळ परस्परांच्या मान्यतेवर चालते. म्हणूनच वाड्यातील मुलाचे पान आणि झोपडीतील मुलाचे पान यांत तिळमात्र फरक करता येत नाही.

मात्र अलीकडे ही समता ढळू लागली आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारात फांद्यांच्या जुड्या येतात. झाडे ओरबाडली जातात, आपट्याच्या नावाखाली कांचनाची पाने खपविली जातात, आणि ज्याच्यापाशी दमडी नाही त्यालाही सोने विकत घ्यावे लागते. ज्या रूढीने दरिद्री मुलाची लाज राखली, तिलाच आपण बाजारात बसविले, तर तिच्यात उरले काय?

यावर उपाय कठीण नाही. एका घराला एक पान पुरे. कौत्सानेही मोजकेच घेतले होते. देवळाच्या आवारात एकेक आपटा लावावा, त्याला पाणी घालण्याचे काम मुलांकडे द्यावे, आणि दसऱ्याला ज्याचे त्याने एक पान खुडून घरी न्यावे. वरतंतूंनी आरंभी जी सेवा पुरेशी मानली, तीच अशा पानातून आईबापांच्या हाती पडेल.