सोपाऱ्याचा शिलालेख आणि वसंतातली पारध

1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याचा ‘बुरुड राजाचा कोट’ खणला आणि आतला बौद्ध स्तूप उजेडात आणला. त्याच वर्षी भाटेला तलावाजवळ त्यांना दगडाचा एक फुटका तुकडा मिळाला. त्यावर सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाची थोडी अक्षरे शिल्लक होती. गिरनार आणि इतर ठिकाणच्या प्रतींवरून या लेखाचा पूर्ण आशय कळतो. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, त्यात मृगया आणि तसल्याच करमणुकी असत. अशोकाने राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीची यात्रा केली आणि तेव्हापासून विहारयात्रेच्या जागी धर्मयात्रा आली. सोपाऱ्याला हाच तुकडा टिकला हा योगायोग आहे. 1956 मध्ये जवळच भुईगावला नवव्या लेखाचाही तुकडा सापडला, म्हणजे इथे बहुधा सर्व चौदा लेख असावेत. तरीही शिकारीबद्दलचा इतका जुना राजलेख आज वसई-विरार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भूमीत उभा होता, ही गोष्ट मोलाची आहे. या भागातल्या शिकारीचा इतिहास पाहिला तर एक सूत्र पुन्हा पुन्हा हाती लागते. शिकारीला खरा लगाम घातला तो काळाने. काय मारावे यापेक्षा कधी मारू नये, हा नियम अधिक जुना, अधिक शहाणा आणि अधिक परिणामकारक आहे.

अशोकाच्याच लेखांत याचा पुरावा आहे. पहिल्या शिलालेखात तो सांगतो की राजाच्या मुदपाकखान्यासाठी पूर्वी रोज लाखो प्राणी मारले जात, ते आता तीनवर आले: दोन मोर आणि एक हरीण, त्यातले हरीणही रोज नाही. राज्याभिषेकानंतरच्या सव्विसाव्या वर्षीच्या पाचव्या स्तंभलेखात हा विचार पुढे जातो. तिथे अभय दिलेल्या पशुपक्ष्यांची यादी आहेच, पण त्याबरोबर गाभण आणि दूध पाजणाऱ्या शेळ्या, मेंढ्या व डुकरिणी मारू नयेत, सहा महिन्यांच्या आतली पिल्ले मारू नयेत, आणि चातुर्मासी पौर्णिमांना व ठरावीक तिथींना मासे मारू नयेत, असे नियम आहेत. म्हणजे बंदी प्राण्याच्या नावावर घातली तशीच त्याच्या आयुष्यातल्या एका टप्प्यावर आणि पंचांगातल्या दिवसांवरही घातली. हा केवळ राजाज्ञेचा मामला नव्हता. पश्चिम महाराष्ट्रातल्या फासेपारधी समाजाचा अभ्यास माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी केला, तेव्हा फाशात अडकलेली गाभण मादी किंवा पाडस सोडून देण्याची रीत त्यांनी नोंदवली. शिकारीवर ज्यांचे पोट आहे त्यांनाच उद्याच्या सावजाची काळजी सर्वांत आधी कळते.

हा नियम वसंतात सर्वांत जास्त का लागू पडतो, हे पक्ष्यांच्या वागण्यावरून कळते. तुलनेसाठी दोन पक्षी घेऊ: अमेरिकेतला रानटी टर्की आणि वसईजवळच्या तुंगारेश्वरच्या डोंगरातला राखी रानकोंबडा हे एकाच मोठ्या कुळातले. टर्की पोर्तुगीजांमुळे हिंदुस्थानात आला. 1612 मध्ये मुकर्रब खानाने गोव्याहून आणलेल्या पक्ष्यांत जहांगीराला तो पाहायला मिळाला आणि उस्ताद मन्सूरने त्याचे चित्र काढले. पण इथे तो पाळीवच राहिला, रानात त्याची जागा रानकोंबड्याचीच होती. दोघांचेही नर वसंतात पहाटे रातथाऱ्यावरून आवाज देतात. अमेरिकेत ज्याच्याकडे सवड थोडी असते तो शिकारी हेच हेरतो. आदल्या संध्याकाळी पक्षी कोणत्या झाडावर बसला ते पाहून ठेवायचे, उजाडण्यापूर्वी जवळ जाऊन दबा धरायचा आणि मादीसारखा आवाज काढून नराला बोलावायचे. आपल्याकडे पिंजऱ्यातला पाळीव तितर ओरडायला लावून भोवती फासे मांडण्याची युक्ती याच स्वभावावर उभी आहे. विणीच्या काळात पक्षी स्वतःच आपला ठावठिकाणा सांगतो, म्हणून कमी वेळात जास्त यश मिळते. राखी रानकोंबड्याची वीण प्रामुख्याने फेब्रुवारी ते मे या काळात होते. मादी जमिनीवरच्या साध्या खळग्यात चार ते सात अंडी घालते आणि सुमारे तीन आठवडे उबवते. शिकाऱ्याला सर्वांत सोयीचा काळ तोच पक्ष्याच्या वंशाला सर्वांत नाजूक असतो.

वसईच्या बाबतीत हा पेच एकोणिसाव्या शतकात तीव्र झाला. पूर्वी रानात पोहोचायलाच दिवस मोडत, आणि तो प्रवासच शिकारीला अडवत असे. 1864 मध्ये वसईच्या खाडीवरून रेल्वे मुंबईत ग्रँट रोडपर्यंत गेली आणि 12 एप्रिल 1867 रोजी विरारहून मुंबईची पहिली उपनगरी गाडी धावली. एक रात्र आणि एक पहाट एवढ्या सवडीत तुंगारेश्वरचे रान गाठता येऊ लागले. त्याच काळात मागून काडतूस भरायच्या बंदुका आल्या आणि दोन बारांमधला वेळही आखडला. अंतराने आणि हत्याराने घातलेली काळाची मर्यादा अशी गळून पडल्यावर तिची जागा कायद्याला घ्यावी लागली. 1887 च्या कायद्याने नगरपालिका आणि छावण्यांच्या हद्दीत विणीच्या काळात मारलेले रानपक्षी बाळगण्यावर व विकण्यावर बंदी घालण्याचा अधिकार दिला. 1912 च्या कायद्याने प्रांतिक सरकारांना रानकोंबडा, मोर, तितर, लावा, चकोत्री यांसारख्या पक्ष्यांसाठी वर्षाचा काही भाग किंवा पूर्ण वर्षच बंद हंगाम म्हणून जाहीर करण्याची मुभा दिली. 1951 मध्ये मुंबई राज्याने वन्यप्राणी व वन्यपक्ष्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. 1972 च्या केंद्रीय कायद्यात काही प्राण्यांसाठी परवान्याची वाट शिल्लक होती, ती 1991 च्या दुरुस्तीने जवळजवळ पूर्ण बंद झाली. ही वाटचाल ‘या दिवसांत नको’ पासून ‘कधीच नको’ पर्यंतची आहे.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. अमेरिकेत टर्कीची शिकार मुख्यतः वसंतात होते, तरी पक्षी वाढले. मग वसंताची बंदी हा निव्वळ भाबडेपणा नव्हे काय? 1930 च्या दशकात तिथले रानटी टर्की दोन लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी उरल्याचे मानतात, आज ते साठ लाखांच्या घरात आहेत. पण हा चमत्कार शिकारीने घडवला नाही. 1937 च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखला गेला, पुढे जाळी टाकून पक्षी पकडून उजाड रानांत सोडले गेले, आणि मग परवाने, मोजून दिलेली सावजे व ठरावीक आठवडे यांच्या चौकटीत हंगाम उघडला. वसंतात नेम मुख्यतः नरावरच धरला जातो, कारण अंडी उबवण्यात नराचा वाटा नसतो. अलीकडे टेनेसी, अलाबामा यांसारख्या राज्यांत पक्षी घटल्याची चिंता वाटू लागताच हंगामाची सुरुवातच पुढे ढकलली गेली. म्हणजे तिथेही निर्णायक हत्यार तारीखच आहे. आमच्या डोंगरात अशी मोजणी नव्हती, आणि फासा नर-मादी ओळखत नाही. मोजणी नसेल तिथे पूर्ण बंद हंगाम हाच प्रामाणिक नियम ठरतो.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे. रान राखण्याचे कायदे साहेबाने केले आणि त्यांचा जाच वारली, काथोडी, मल्हार कोळी यांना झाला, हे खरे आहे. 1878 या एकाच वर्षी आलेल्या वन कायद्याने रानावरचा हक्क आवळला आणि शस्त्र कायद्याने बंदुकीला परवान्याची अट घातली. ज्याच्या हाती परवाना आणि फुरसत होती तो शौकाने शिकार करत राहिला. ज्याला भूक होती तो गुन्हेगार ठरला. पण हा दोष बंद हंगामाच्या कल्पनेचा नाही, ती कोणावर लादली गेली त्याचा आहे. आदिवासींनी काळाचा संयम सरकारकडून शिकला नाही. फाशातली गाभण मादी सोडणाऱ्याला तो आधीपासून ठाऊक होता. त्याला गुन्हेगार ठरवून कायद्याने आपलाच सर्वांत जाणता साथीदार गमावला.

आज हा इतिहास वसई-विरारला कामाचा आहे. 2003 मध्ये तुंगारेश्वरचे सुमारे 85 चौरस किलोमीटर रान अभयारण्य झाले, शिकार तर कायद्याने आधीच संपली होती. पण थोडी सवड असलेला माणूस रानात येतच राहिला आहे. बंदुकीऐवजी त्याच्यासोबत मोटारी, कर्णे आणि चुली असतात, आणि वणवा लागतो तोही अंडी जमिनीवर असतात त्याच कोरड्या महिन्यांत. अभयारण्याची हद्द जागेची राखण करते, काळाची करत नाही. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत पहाटेच्या वेळी ठरावीक वाटा बंद ठेवणे, आवाजाला आणि आगीला सक्त मनाई करणे, आणि हे काम रान जाणणाऱ्या वारली-काथोडी गावकऱ्यांवर मोबदला देऊन सोपवणे, एवढे नियम महापालिका आणि वन विभाग यांना मिळून सहज करता येतील. हत्यार बदलले म्हणून विणीचा काळ बदललेला नाही, आणि ज्या भूमीला दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी संयमाचा लेख मिळाला तिने हा नियम सर्वांत आधी करायला हवा.