नांव नसलेला रोग

ज्या रोगास चौदा वर्षें स्वतःचें नांवच नव्हतें, त्याचा इतिहास लिहावयाचा म्हणजे आरंभ कोठून करावा, हाच पहिला प्रश्न पडतो. १९७५ पासून १९८९ पर्यंत जगांतील वैद्य त्यास 'अ नव्हे, ब नव्हे' असें म्हणत असत. घरीं कोणी अनोळखी पाहुणा येऊन बसावा, आणि घरच्यांनीं त्यास 'मामाही नव्हे, काकाही नव्हे' या नांवानें हांक मारावी, तशांतला हा प्रकार. आज आपण त्यास 'हिपॅटायटिस सी' म्हणतों.

काविळीशीं आपल्या लोकांचा परिचय मात्र फार जुना. गळ्यांत माळ घालून कावीळ 'उतरविणारे' गृहस्थ आमच्या लहानपणीं पुष्कळ गांवीं असत. माळ जसजशी लांबत जाई, तसतशी कावीळ उतरत जाई, आणि गृहस्थांची कीर्ति चढत जाई. त्यांच्या यशाचें रहस्य इतकेंच कीं, दूषित पाण्यांतून होणारी कावीळ बहुधा आपोआपच बरी होते. ज्या रोगाविषयीं आम्ही लिहीत आहोंत, तो या माळेच्या आटोक्यांतला नव्हे. एक तर त्यांत डोळे पिवळे होतातच असें नाहीं. पुष्कळांस तो झाल्याचें वीस वीस वर्षें कळतही नाहीं. शिवाय तो पाण्यांतून न येतां रक्तांतून येतो.

काविळीचा रक्ताच्या वाटेनें प्रवास होऊं शकतो, ही गोष्ट प्रथम नोंदली गेली ती जर्मनींतील ब्रेमेन शहरीं. १८८३ सालीं तेथील एका जहाजबांधणीच्या कारखान्यांतील १२८९ कामगारांस देवीची लस टोंचण्यांत आली. ती लस माणसाच्याच अंगावरील फोडांतून घेतलेली होती. पुढील कांहीं महिन्यांत त्यांपैकीं १९१ जणांस कावीळ झाली. मागाहून कामावर लागलेल्या लोकांत मात्र ती आढळली नाहीं. ल्यूरमान नांवाच्या डॉक्टरानें ही हकीकत १८८५ सालीं प्रसिद्ध केली. इतका स्वच्छ धडा मिळूनही तो कोणी मनावर घेतला नाहीं. १९४२ सालीं अमेरिकन सैन्यास पीतज्वराची जी लस दिली गेली, तींत मानवी रक्तरस मिसळलेला होता, आणि त्यामुळें सुमारें ५०,००० सैनिक काविळीनें अंथरुणास खिळले. युद्धांत शत्रूच्या गोळीपेक्षां आपल्याच सुईनें माणसें आडवीं व्हावींत, हा दैवदुर्विलास खरा. पण त्यानेंच संशोधनास वेग आला.

१९४७ सालीं इंग्रज संशोधक मॅक्कलम यानें पाण्यांतून येणाऱ्या काविळीस 'अ' व रक्तांतून येणाऱ्या काविळीस 'ब' अशीं नांवें सुचविलीं. ब्लूमबर्ग व हार्वे आल्टर यांनीं १९६५ सालीं एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तांत आढळलेल्या द्रव्याची माहिती प्रसिद्ध केली. तें द्रव्य 'ब' विषाणूचें अंग होय, हें मागाहून कळलें. 'अ'चा विषाणु १९७३ सालीं फाइनस्टोन व त्याचे सहकारी यांस सूक्ष्मदर्शकाखालीं दिसला. आतां कोडें सुटलें, असें सर्वांस वाटणें साहजिक होतें.

तें सुटलें नव्हतें. आल्टर हे अमेरिकन सरकारच्या बेथेस्डा येथील रुग्णालयाच्या रक्तपेढींत काम करीत. हृदयावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचें रक्त ते महिनोन् महिने तपाशीत. पैसे देऊन विकत घेतलेलें रक्त जेव्हां वापरलें जाई, तेव्हां जवळजवळ तिघांत एकाच्या यकृतास सूज येई. १९७० च्या सुमारास विकतचें रक्त बंद केल्यावर आणि 'ब'ची तपासणी सुरू झाल्यावर हें प्रमाण दहांत एक इतकें खालीं आलें. दारिद्र्यामुळें रक्त विकणाऱ्या माणसाचें रक्त आणि आपखुषीनें देणाऱ्याचें रक्त यांत केवढा फरक पडतो, हें या आंकड्यांनीं दाखविलें; अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनींही हे आंकडे जवळ ठेवण्याजोगे आहेत. परंतु उरलेल्या त्या दहांतल्या एकाचें काय? १९७५ सालीं अशा बावीस रुग्णांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकीं एकाचाही रोग 'अ'मुळें झालेला नव्हता, आणि 'ब'मुळेंही नव्हता. आल्टर यांनीं घाईनें 'क' हें अक्षर उचललें नाहीं. कर्ता सांपडेपर्यंत नकारावरच भागविलें. हा संयम आम्हांस फार मोलाचा वाटतो.

कर्ता सांपडावयास अतोनात श्रम पडले. चिंपांझीच्या अंगांत रोग उतरतो, हें १९७८ सालीं सिद्ध झालें. पण विषाणु ना सूक्ष्मदर्शकांत दिसे, ना कांचेच्या भांड्यांत वाढे. १९८२ पासून कॅलिफोर्नियांतील कायरॉन या कंपनींत मायकेल हौटन, क्वि-लिम चू व जॉर्ज कुओ यांनीं, सरकारी संशोधक डॅनियल ब्रॅडली यांनीं पुरविलेल्या चिंपांझींच्या रक्तरसावर, एक निराळाच मार्ग धरला. विषाणु न पाहतांच त्याच्या जनुकद्रव्याचे तुकडे जिवाणूंत घालावयाचे, आणि त्यांतून निपजणाऱ्या प्रथिनांपैकीं एखादें तरी रुग्णाच्या रक्तांतील प्रतिद्रव्यांस ओळखीचें वाटतें कीं काय, तें पाहावयाचें. सुमारें दहा लक्ष तुकड्यांतून एक सांपडला. आल्टर यांनीं खुणेचे आंकडे घालून पाठविलेले रक्ताचे नमुने नव्या कसोटीनें बिनचूक ओळखले, आणि एप्रिल १९८९ मध्यें ती बातमी जगापुढें आली. तेव्हां कोठें 'सी' हें अक्षर पक्कें झालें. हा विषाणु पीतज्वराच्याच कुळांतला निघाला. त्या कुळाचें लॅटिन नांव 'पिवळा' या अर्थाच्या शब्दावरून पडलेलें आहे. चार्ल्स राइस यांनीं १९९७ सालीं हा एकटा विषाणुच रोग घडवूं शकतो, हें दाखविलें, आणि २०२० सालीं आल्टर, हौटन व राइस यांस नोबेल पारितोषिक मिळालें. चू व कुओ यांस तें मिळालें नाहीं. याच कारणासाठीं हौटन यांनीं २०१३ सालीं कॅनडांतील गेर्डनर पारितोषिक नाकारलें होतें, हें येथें नमूद केल्यावांचून राहवत नाहीं.

या विषाणूची यकृतावरील करणी सावकाशीची असते. शंभर जणांस तो जडला, तर पंचावन्न ते पंचाऐशी जणांत तो कायमचा ठाण मांडून बसतो. शरीर त्यास हांकलूं पाहतें. या झटापटींत यकृताच्या पेशी मरतात, आणि त्यांच्या जागीं व्रणासारखे तंतु येतात. वीस वर्षांत अशा रुग्णांपैकीं पंधरा ते तीस टक्क्यांचें यकृत गांठाळ व कठीण होतें. त्यांतून पोटांत पाणी होणें, रक्ताच्या उलट्या व कर्करोग हे पुढचे टप्पे. मधल्या सर्व काळांत रुग्णाची तक्रार बहुधा एकच असते. ती म्हणजे थकवा.

येथें आमच्या विषयाची दुसरी बाजू येते. गळ्यांतील थायरॉईड ग्रंथि मंदावली, तरी तक्रार हीच असते: अंग जड, मन उदास, कामाचा कंटाळा. आणि या दोन अवयवांचें नातें जवळचें आहे. थायरॉईडच्या द्रव्यास रक्तांतून वाहून नेणारें मुख्य प्रथिन यकृतांतच तयार होतें. त्या द्रव्याचें अधिक जोरकस रूपांत परिवर्तन करण्याच्या कामींही यकृताचा मोठा वांटा असतो. इटलींतील पिसा येथील आंतोनेल्ली व त्यांचे सहकारी यांनीं कसलेंही औषध न घेतलेले ६३० रुग्ण तपासून २००४ सालीं दाखविलें कीं, या विषाणूच्या रुग्णांत थायरॉईड मंदावण्याचें प्रमाण १३ टक्के, म्हणजे इतरांहून बरेंच अधिक आहे. रोग एका अवयवाचा म्हणून डॉक्टरांनीं त्याच्याकडे टक लावावी, आणि शेजारचा अवयव मुकाट्यानें बिघडत जावा, असें यांत पुष्कळदां घडलें आहे.

पण थायरॉईडवर याहून मोठा आघात झाला तो औषधानें. लंडनमध्यें आयझॅक्स व लिंडेनमान यांनीं १९५७ सालीं शोधिलेलें इंटरफेरॉन हें शरीराचेंच विषाणुविरोधी द्रव्य. अमेरिकेंत हूफ्नेगल यांनीं तें दहा रुग्णांस देऊन त्याचा अनुभव १९८६ सालीं प्रसिद्ध केला. त्या वेळीं विषाणु सांपडलेलाही नव्हता. म्हणजे ज्याचें नांव ठाऊक नाहीं अशा शत्रूवर हा बाण सोडला होता, आणि बहुतेकांत तो लागला! १९९१ सालीं औषधास सरकारी मान्यता मिळाली. सहा महिने ते वर्षभर आठवड्यास तीन टोंचण्या, ताप, अंगदुखी, केस गळणें, कित्येकांस घोर विषण्णता. आणि इतकें सोसून एकट्या इंटरफेरॉननें पुरते बरे होणारे पांचांत एकाहूनही कमी. पुढें रिबाव्हिरिनची जोड व आठवड्यास एकच टोंचणी पुरणारें सुधारलेलें औषध आल्यावर हें प्रमाण निम्म्याच्या किंचित् वर गेलें.

इंटरफेरॉन शरीराच्या सैन्यास चिथावतें, पण चिथावलेलें सैन्य आपपर विसरतें. याची पहिली सूचना यकृताच्या रुग्णांत मिळाली नाहीं. १९८५ सालीं स्तनाच्या कर्करोगासाठीं इंटरफेरॉन घेणाऱ्या स्त्रियांची थायरॉईड मंदावल्याचें इंग्लंडांत आढळलें होतें. यकृताच्या रोगांत औषध सरसकट वापरूं लागल्यावर तेंच चित्र शतपटीनें मोठें दिसलें. चाळीस टक्क्यांपर्यंत रुग्णांच्या रक्तांत थायरॉईडविरुद्ध प्रतिद्रव्यें उत्पन्न होत, आणि पंधरा टक्क्यांपर्यंत लोकांस प्रत्यक्ष रोग जडे. कोणाची ग्रंथि जपानच्या हाशिमोटो यानें १९१२ सालीं वर्णिलेल्या रीतीनें सुकत जाई, कोणाची डब्लिनच्या ग्रेव्ह्ज यानें १८३५ सालीं वर्णिलेल्या रीतीनें बेफाम धांवे, तर कोणाची आधीं धांवून मग बसे. स्त्रियांत हें अधिक. छातीची धडधड 'सुईची भीति' म्हणून आणि मरगळ 'औषधाचा परिणाम' म्हणून सोडून दिली जाई. अखेर औषधापूर्वीं व औषध चालू असतांना दर दोन-तीन महिन्यांनीं थायरॉईड तपासण्याचा नियम पडला.

रुग्णाच्या थकव्यावर विश्वास न ठेवण्याची ही खोड किती दूरवर जाते, तें आयर्लंडच्या उदाहरणावरून दिसतें. आईचें व गर्भाचें रक्त जुळत नसल्यास बाळंतपणानंतर आईस जें संरक्षक औषध टोंचतात, तें तेथें १९७७ सालीं कावीळ झालेल्या एका स्त्रीच्या रक्तरसापासून केलें गेलें. ही गोष्ट जाहीर झाली १९९४ सालीं. मग साठ हजारांहून अधिक स्त्रियांची तपासणी झाली. ज्यांच्या अंगांत विषाणु अजून नांदत होता अशा ३७६ स्त्रियांचा सतरा वर्षांनंतरचा वृत्तांत १९९९ सालीं छापून आला. कठीण यकृत दोनच टक्क्यांचें. पण थकव्याची तक्रार ६६ टक्क्यांची. सतरा वर्षें या बायका मुलेंबाळें वाढवीत, घर सांभाळीत थकत होत्या, आणि कारण कोणासच ठाऊक नव्हतें. ब्रिजिड मकोल यांनीं रक्तसंस्थेवर दावा लावला आणि त्या १९९६ सालीं यकृत निकामी होऊन वारल्या. चौकशीचा अहवाल त्यांच्या मृत्यूनंतर, १९९७ सालीं आला.

२०१३ च्या अखेरीस सोफोस्ब्युव्हिर ही गोळी निघाली, आणि पुढें दुसऱ्या गोळ्यांच्या जोडीनें तीन महिन्यांत शंभरांतले पंचाण्णव बरे होऊं लागले. अमेरिकेंत एका गोळीची किंमत एक हजार डॉलर ठेवण्यांत आली होती. २०१४ सालीं भारतीय कारखान्यांस परवाना मिळाल्यावर आपल्याकडे ती आटोक्यांत आली. पंजाबनें २०१६ पासून आणि केंद्र सरकारनें २८ जुलै २०१८ रोजीं सुरू केलेल्या योजनेखालीं ती फुकट देण्यास आरंभ केला. आपल्या रक्तपेढ्यांत या विषाणूची तपासणी सक्तीची झाली ती मात्र २००१ सालीं. तत्पूर्वीं ज्यांनीं रक्त घेतलें त्यांनीं एकदां तपासून घेणें इष्ट.

नव्या गोळ्या थायरॉईडच्या वाटेस जात नाहींत. इंटरफेरॉन आतां या रोगासाठीं क्वचितच कोणी देतो. त्या काळीं तें घेऊन बरे झालेल्यांपैकीं पुष्कळांची ग्रंथि औषध थांबल्यावर पूर्वपदावर आली. उरलेल्यांच्या रक्तांत आज विषाणूचा मागमूस नाहीं, यकृतही पुष्कळ सुधारलें आहे. पण रोज सकाळीं उपाशी पोटीं थायरॉईडची पांढरी गोळी ते अजून घेतात.