कोळसा, पोलाद आणि आमचे आजोळ

आमच्या आईने आमगावचे घर कधी सोडले नाही, तरी तिचे राज्य तीनदा बदलले. मध्यप्रांत-वऱ्हाडचे १९५० मध्ये मध्यप्रदेश झाले, १ नोव्हेंबर १९५६ ला आमचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला आणि १९६० ला महाराष्ट्रात. तिचे माहेर मात्र वाघ नदीपलीकडे, बालाघाटकडे. ते मध्यप्रदेशातच राहिले. मी तेव्हा सहा वर्षांची. आजोळ "दुसऱ्या राज्यात" गेले, एवढेच कळले. गाडी तीच होती, छोट्या रुळांची.

हे आठवायला कारण वर्गातला एक जुना प्रश्न. दुसऱ्या महायुद्धाचा धडा मी दरवर्षी रंगवून शिकवी. हिटलर, हिरोशिमा, संयुक्त राष्ट्रे... आणि तास संपे. युरोपीय समुदायाला दोन ओळी. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, "बाई, काल एकमेकांना मारणारे आज एका बाजारात कसे बसले?" मी म्हटले, "युद्धाला कंटाळले, शहाणपण आले." मुलांनी वहीत लिहून घेतले!

निवृत्तीनंतर निवांत वाचू लागले तेव्हा उत्तर चुकल्याचे कळले. कंटाळले तर ते १९१८ लाही होते. तेव्हा फ्रान्सने सारच्या खाणी घेतल्या, १९२३ मध्ये रूहर खोऱ्यात सैन्य घुसवले, आणि सोळा वर्षांत पुन्हा युद्ध. लॉरेनचे लोखंड आणि रूहरचा कोळसा हे खरे भांडण. १९४५ नंतर रशियाच्या धाकाने अमेरिकेला जर्मनीचे कारखाने चालू हवे होते. फ्रान्सला ते बंद पाडणे आता शक्य नव्हते. मग ९ मे १९५० ला परराष्ट्रमंत्री शुमान यांनी वेगळीच वाट सुचवली. दोन्ही देशांचा कोळसा आणि पोलाद एकाच वरिष्ठ मंडळाच्या हाती द्या. म्हणजे कोणी गुपचूप तोफा ओतू शकणार नाही. शुमान स्वतः सीमेवरचा माणूस, लक्झेंबर्गला जन्मलेला, आधी जर्मन नागरिक, पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच. १८ एप्रिल १९५१ ला पॅरिसमध्ये सहा देशांनी सह्या केल्या. १९५७ चा रोमचा करार, २००२ च्या युरोच्या नोटा, हे सगळे त्यानंतरचे.

गंमत पाहा, त्या मुलाचे वडील तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीत होते. मँगनीजशिवाय चांगले पोलाद होत नाही. राज्याची रेघ पडली तेव्हा डोंगरी, चिखला इकडे आली. भरवेली, उकवा तिकडे राहिल्या. पण १९६२ मध्ये 'मॉयल' निघाली तेव्हा ५१ टक्के भाग केंद्र, महाराष्ट्र आणि मध्यप्रदेश या तीन सरकारांचा होता, ४९ टक्के जुन्या इंग्रजी कंपनीचा. तोही १९७७ ला आपला झाला. रेघ राहिली, खाणी एका कारभारात. म्हणजे उदाहरण त्याच्या घरच्या पगारातच होते, आणि मी त्याला शहाणपणाच्या गोष्टी सांगत बसले.

तुलना फार ताणू नये हेही खरे. आमच्या डोक्यावर दिल्लीचे छप्पर आधीच होते. त्यांना ते स्वतः बांधावे लागले, आणि ज्याने बांधले त्याला निघूनही जाता येते. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला निघाले. त्यानंतर दोन महिन्यांतच कोरोनामुळे युरोपातल्या देशांनी आपापसातल्या सीमा पुन्हा अडवल्या. इकडे राजेगावच्या पुलावरही तेच. त्याच दिवसांत आमचा मामेभाऊ गेला. बालाघाट इथून फार लांब नाही, पण पास मिळेपर्यंत दहावा उलटून गेला होता. आयुष्यात पहिल्यांदा आजोळ खरेच दुसऱ्या राज्यात आहे असे वाटले.

असो. तो मागच्या बाकावरचा मुलगा आता पन्नाशीचा असेल. भेटला तर वहीतली ती ओळ खोडायला सांगणार आहे.