लिनक्सवर सर्व्हरचं फोल्डर रिकामं दिसतंय? डेटा गेला म्हणायच्या आधी घड्याळ बघा

विंचूर म्हटलं की कांद्याचे लिलाव. लासलगाव बाजार समितीचं उपआवार इथेच आहे. समजा, इथल्या एका व्यापाऱ्याचा हिशेब नाशिकच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर आहे आणि गावातला लिनक्स कॉम्प्युटर ते फोल्डर एनएफएसने जोडून वापरतो. यालाच माउंट करणं म्हणतात. वाटेत कुणी आकडे वाचू नयेत म्हणून कर्बेरॉसचं एन्क्रिप्शन लावलंय. एका सकाळी फोल्डर उघडलं, तर आत काहीच नाही.

घाबरू नका. माउंट झालं नाही की फक्त जोडणीची रिकामी जागा दिसते, डेटा सर्व्हरवरच असतो. पण तिथे नवी फाइल सेव्ह करू नका. ती गावातल्याच डिस्कवर पडते आणि नंतर माउंट झालं की त्याखाली झाकली जाते. त्याहून वाईट म्हणजे आपोआप चालणारा बॅकअप. मूळ जागी नाही ते पुसायचं, असं त्याला सांगून ठेवलं असेल, तर रिकामं फोल्डर पाहून तो जुनी प्रतही साफ करेल. आधी तो थांबवा.

आता पहिला संशयित, घड्याळ. दोन्हीकडच्या वेळेत ५ मिनिटांहून जास्त फरक असला की कर्बेरॉस सहसा ओळखच नाकारतो. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरची गोल बॅटरी संपलेली असते. लाइट गेली की तारीख थेट काही वर्षं मागे! 'टाइमडेटसीटीएल' कमांडने वेळ बघा. बॅटरी किरकोळ पैशांत मिळते.

वेळ बरोबर असेल तर 'आरपीसी-जीएसएसडी' सर्व्हिस चालू आहे का आणि मशीनची कीटॅब फाइल जागेवर आहे का ते बघा. माउंट करताना आयपी नंबर नको, सर्व्हरचं पूर्ण नाव द्या. माउंट होतं, पण 'परमिशन डिनाइड' येतं? मग बहुतेक तुमच्या तिकिटाची मुदत संपलीय. 'केलिस्ट'ने बघा, 'केआयनिट'ने नवं घ्या.

वैतागून सुरक्षेचा पर्याय 'सिस' करून टाकणारे बरेच भेटतील. सर्व्हरने चालू दिलं तर फोल्डर उघडेल, पण आकडे वाटेत उघडे पडतील. नुसत्या 'केआरबी५'मध्ये फक्त ओळख तपासली जाते, 'केआरबी५आय'मध्ये मजकुरात फेरफार झालाय का हेही कळतं. मजकूर झाकतो तो 'केआरबी५पी'. कोणता लागलाय ते 'फाइंडमाउंट' दाखवतो.

आणि हे सगळं वाटेपुरतंच. नाशिकची डिस्कच चोरीला गेली तर कर्बेरॉस काही करू शकत नाही, त्यासाठी तिथे लक्ससारखं वेगळं डिस्क एन्क्रिप्शन लागतं.