शाळेशी शाळेचे नाते

१९५३ साली युनेस्कोने १५ देशांतल्या ३३ शाळा एकमेकींशी जोडल्या. महायुद्धात होरपळलेल्या जगातली मुले एकमेकांना ओळखू लागली तर उद्याचे वैर टळेल, हा त्यामागचा विचार.

पण आम्हांला त्याहून जवळची वाटते ती हंगेरी देशातली एक शाळा. तिथले रोमा लोक हे हजारएक वर्षांपूर्वी भारतातून गेलेल्यांचे वंशज. गावकडेची वस्ती, शाळेत वेगळा वर्ग, हेच त्यांच्या पोरांच्या वाट्याला आले. धडधाकट मुलांनाही मतिमंदांच्या शाळेत घातले जाई. २०१३ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने याबद्दल हंगेरीला दोषी ठरवले.

यानोश ओर्शोश आणि तिबोर देर्दाक या दोघा शिक्षकांना बाबासाहेबांचे विचार कळले. शाळेत गोणपाटावर वेगळा बसणारा मुलगा पुढे घटनाकार झाला, ही गोष्ट त्यांच्या वस्तीत समजावून सांगावी लागली नाही. ते महाराष्ट्रात आले, इथल्या बौद्ध समाजाला भेटले. २००७ साली शायोकाझा गावात त्यांनी शाळा काढली. तिचे नाव डॉ. आंबेडकर शाळा! मध्येच शिक्षण सुटलेली मुलेमुलीही तिथे मॅट्रिकसारख्या परीक्षेची तयारी करतात.

आपल्या अभ्यासवर्गातल्या मुलांनी या शाळेला एक पत्र लिहावे, असे आम्हांला वाटते. आपल्या आजोबांना साधे कार्ड लिहून घ्यायला दुसऱ्याच्या दारात जावे लागे. पत्राची सुरुवात कशी करायची हे मुलांना सांगायला नको. त्या शाळेमागच्या संस्थेचे नावच ‘जय भीम’ आहे.